पक्षी अजून तळ्यावरच आहेत

सातवीण फुलली की दिल्लीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, अहाहा, काय सुगंध! दुसरा डोकं धरून खिडक्या लावून घेतो. मी दुसऱ्या तटातली. आमच्या द्वारकेच्या सोसायटीच्या फाटकाशी सातविणीची दोन मोठी झाडं आहेत. दसऱ्याच्या सुमाराला संध्याकाळी शाळेतून परतताना तो वास अंगावर येतो आणि मी ई-रिक्षात बसल्या बसल्या ओढणी नाकाला लावते. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना वाटतं मला ॲलर्जी आहे. मीही हो म्हणून टाकलंय. खरं कारण सांगायचं तर त्यांना घरात बोलवून चहा पाजावा लागेल, आणि चहा संपला तरी गोष्ट संपणार नाही.

वासाच्या मागोमाग धूर येतो. तो पंजाब-हरियाणातल्या जळणाऱ्या शेतांचा. आणि त्या धुरातून वाट काढत एके सकाळी ते येतात. मी वर बघायचं नाही असं ठरवलेलं असतं, दर वर्षी ठरवते. पण कानांना झाकणं नसतात. भाजी चिरताना, पोरांच्या वह्या तपासताना, लांबवरून तो नाकातल्या नाकात बोलल्यासारखा आवाज येतो आणि हात थांबतो.

या वर्षी मी तो ऐकला नाही. बिष्ट भाभीचा फोन आला, "आ गए तेरे मेहमान. झील पे चलेगी?" भाभी पूर्वी कॅन्टोन्मेंटमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. गढवालची. आता तिचे मिस्टर निवृत्त झालेत, नजफगढकडे घर बांधलंय त्यांनी, आणि गच्चीवरून तिला झील दिसते. मी म्हटलं, बघते, तन्वीला विचारते. मग जीभ चावली. तन्वी कुठे आहे घरात? माझी लेक जुलैपासून पुण्यात आहे, कॉलेजच्या हॉस्टेलवर. या घरात विचारायचं असं आता कुणी उरलेलं नाही.

'ते' म्हणजे रानटी हंस. पुस्तकात त्यांना पट्टकादंब असं भारदस्त नाव आहे. अंग राखाडी, मान गोरी, पाय नारिंगी आणि डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे. आमच्या घरात त्यांना पट्टेवाले म्हणतात. हे नाव तन्वीच्या बाबांनी ठेवलेलं. साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळणाऱ्या शिपायासारखे ते पाण्याच्या काठाला तासन् तास उभे असतात, म्हणून पट्टेवाले. उन्हाळ्यात लडाखच्या तळ्यांवर पिल्लं वाढवायची आणि गोठायच्या आत हिमालय ओलांडून खाली यायचं, असा त्यांचा शिरस्ता. दिल्ली आणि हरियाणाच्या सीमेवर नजफगढची झील आहे. झील म्हणायचं खरं, तिच्यात अर्ध्या शहराचं सांडपाणी येतं. पण एवढा हिमालय ओलांडून आलेले पाहुणे तिला नावं ठेवत नाहीत, मग आपण कोण?

मला हे सगळं ठाऊक असण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. मी माण तालुक्यातली. आमच्याकडे आकाशात बघायचं ते ढगासाठी. पक्षी म्हणजे चिमणी, कावळा आणि रविवारी कोंबडी. तन्वीच्या बाबांचं, म्हणजे आमच्या यांचं, गाव मात्र सिंधुदुर्गात, समुद्रात नाकासारख्या घुसलेल्या एका टोकावर. तिन्ही बाजूंनी पाणी आणि वर कातळाचा सडा. पाऊस सरला, आश्विन लागला की गावातली पोरं त्या टोकावर जाऊन बसायची. लांबून पाण्याला घासून एक रेघ यायची, तिची जवळ येता येता पाखरं व्हायची. कुरव पक्षी. पांढरे, कावकाव करणारे, वाळूवर उतरून वाऱ्याकडे तोंड करून बसणारे. पहिल्यांदा ज्याला दिसतील त्यानं गावभर ओरडत धावायचं, "पाखरां इली! पाखरां इली!" मग म्हातारी माणसं म्हणायची, चला, दर्या निवळला.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला यांनी मला पहाटे उठवून त्या टोकावर नेलं. वारा असा की साडी सांभाळू की केस सांभाळू. मी डोळे ताणताणून बघतेय आणि समोर नुसतं पाणी. बऱ्याच वेळानं एक पुसट रेघ दिसली.

"एवढ्यासाठी उठवलंत होय?" मी म्हटलं.

"एवढं म्हणजे? कुठनं आली असतील ती, कल्पना आहे का?"

"मी माणवरनं इथपर्यंत आले तर माझी कंबर मोडली. त्यांचं कौतुक मला नका सांगू."

हे इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "घाटावरची ती घाटावरचीच," म्हणाले. पण नंतर मला जवळ ओढून, त्या वाऱ्यात, एकेक पक्षी ओळखायला शिकवला. तो तुतवार, तो ससाणा, दमलाय बघ कसा, माडावर बसलाय तर हलत नाही. आपल्या माणसाला काय आवडतं ते आपल्यालाही कधी आवडायला लागतं, तो दिवस लक्षात राहत नाही. मला मात्र राहिलाय.

तर आता त्या हंगामाकडे येते. तन्वी तेव्हा तिसरीत होती. यांचं पोस्टिंग लडाखला झालं. तिथं बायकापोरांना नेता येत नाही, म्हणून आम्हाला दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये क्वार्टर मिळालं. अशा क्वार्टरची तिथं एक अख्खी वसाहतच असते. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, मुलांच्या सायकली, वाळत घातलेले युनिफॉर्म, पण ते सगळे शाळेचे. घरटी एक बाई आणि तिची पोरं. पुरुष कुणाचे काश्मिरात, कुणाचे अरुणाचलात, कुणाचे आमच्या यांच्यासारखे. आणि सगळ्या बायकांची संध्याकाळ एका फोनभोवती फिरायची.

त्या फोनचा एक रिवाज होता, कुणी शिकवला नाही तरी सगळ्यांना पाठ. पहिलं वाक्य, "इथं सगळं ठीक." तिकडूनही, "इथं सगळं ठीक." पोराला ताप असो, गॅस संपलेला असो, सासूशी कडाक्याचं वाजलेलं असो, सगळं ठीक. आणि दुसरा रिवाज म्हणजे कुठे आहात हे विचारायचं नाही. ते विचारायचं नसतं आणि सांगायचंही नसतं. त्यात काही चूक नाही, ते तसंच हवं. पण बाईच्या जिवाला नियम कळत असले तरी ते पटत नाहीत. मग ती विचारते, थंडी किती आहे, भूक लागते का, झोप येते का. भाभी तर मिस्टरांना डाळ शिजायला किती वेळ लागतो ते विचारायची. जितका वेळ जास्त, तितके ते उंचावर. बाईचं डोकं कुठे चालेल सांगता येत नाही.

मी विचारायचे, "आज काय दिसलं?"

तिकडे पोचले तेव्हा सुरुवातीला यांना अगदी वर पाठवलं होतं. तेव्हा फोनवर फक्त कावळे. पिवळ्या चोचीचे, लाल पायांचे डोंगरी कावळे, माणसाच्या हातातली पोळी घेऊन जाणारे. "इथं दुसरं कुणी येतच नाही गं," म्हणायचे. दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायला थांबायचे. मग एप्रिल-मेच्या सुमाराला एके दिवशी फोन आला आणि पहिलंच वाक्य, रिवाज मोडून, "पाखरां इली!" आवाज मोकळा, दम न लागणारा. समोर मोठं तळं होतं आणि तळ्यावर पट्टेवाले उतरले होते. मी फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. माणूस खाली आला होता.

तो उन्हाळा आमचा सुखाचा गेला, असं मी म्हणू शकते. कावळे म्हणजे वर, हंस म्हणजे खाली, असं कुणी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण मी पक्ष्यांवरून काय ताडते ते यांना कळत होतं, आणि यांना कळतंय ते मला. पिल्लं निघाली तेव्हा तन्वीनं त्यांना नावं दिली, बुंदी, जिलबी, बर्फी. रोज संध्याकाळी तिला त्यांची खबर हवी असायची. "बाबा, जिलबी पोहायला शिकली?" "शिकली तर! पण बुंदी अजून डरपोक आहे, आईच्या पाठीमागं लपते." "बाबा, वो कब आएँगे इधर?" कॅन्टोन्मेंटची पोरं, मराठीत सुरू होतात आणि हिंदीत संपतात. हे सांगायचे, "थंडी पडली की. आधी ते येतील, मग नाताळच्या सुट्टीत मी येईन. ते पुढे, मी मागे." त्या सुट्टीनंतर यांची बदली पुण्याकडे व्हायची होती. मला दुसरं काही नको होतं. नाताळपर्यंत हा माणूस त्या तळ्याच्या काठाला राहू दे, वर जाऊ नये, बस.

नवरात्रात एकदा बोलता बोलता यांच्या तोंडातून निसटलं, "हे कावळे फार माजलेत." तिथंच थांबले. मग घाईनं म्हणाले, "खालीपण येतात ते कधीकधी. पाणी बघायला येतात. पट्टेवाले हाकलतात त्यांना." मी म्हटलं, "हो का?" आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. पण मनाला समजावलं, कावळा तो कावळा, त्याला कुठे पोस्टिंग असतं?

दिवाळी तोंडावर आलेली. रविवारची सकाळ होती. भाभीनं स्कूटी काढली, मध्ये तन्वी, मागे मी, असे आम्ही झिलीवर गेलो. बांधावर धूर आणि धुकं एकत्र झालेलं. पाण्याचा वास नको तसा. तन्वीच्या गळ्यात बाबांनी कॅन्टीनमधून घेऊन दिलेली छोटी दुर्बीण. आधी काही दिसेना. मग ऊन वर आलं तसं समोरचं पाणी हळूहळू उघडलं, आणि काठाला, चिखलावर, पार पलीकडच्या गव्हाच्या शेतापर्यंत ते उभे होते. पट्टेवाले. एवढे की मोजायला जाऊ नये. डोक्यावरून विमानं पालमला उतरत होती, एकामागून एक, आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

तन्वी नाचायलाच लागली. "आई, आ गए! जिलबी आली! मी बाबांना सांगणार, मी सांगणार!" भाभीनं थर्मासमधून चहा ओतला. मी बांधावर बसून रडले, आनंदानं. पक्षी आले म्हणजे आता मागून माणूस. एवढा साधा हिशोब होता माझा.

संध्याकाळी फोन आला तेव्हा तन्वी खाली खेळत होती. मी 'हॅलो' म्हणते तोच तिकडून, "इथं सगळं ठीक. आज काय मस्त ऊन होतं! पट्टेवाले सगळे पाण्यावर. हलायचं नावच घेत नाहीत."

माझ्या तोंडात शब्द तयार होते. आम्ही बघून आलो, ते इथं आलेत. ते शब्द तसेच राहिले. काही मागे राहत असतील, असं क्षणभर वाटलं. सगळेच कुठे एकदम निघतात? म्हणून मी विचारलं, "अजून सगळे आहेत?"

"सगळे," हे म्हणाले. मग थांबले. श्वास घेतला. "एक... एक पण गेला नाही."

त्या श्वासावरून मला कळलं. तळ्याकाठी असा श्वास लागत नव्हता यांना, सबंध उन्हाळा लागला नव्हता. आमचं माणूस वर होतं. तिथं तळं नव्हतं, ऊन असेल नसेल, हंस तर नव्हतेच. आणि मला झोप लागावी म्हणून ते कुठल्या तरी बर्फावर उभं राहून माझ्यासाठी तळं भरत होते.

मी काय करायला हवं होतं? खोटं का बोलता, म्हणायचं? आज इतकी वर्षं झाली, मी हा प्रश्न उलटासुलटा करून पाहिलाय. ज्या माणसाला तिथून खाली येणं स्वतःच्या हातात नाही, त्याला पकडून काय मिळवायचं? मी म्हटलं, "अच्छा? मग थंडी कमीच असेल." यांना हायसं वाटलं, आवाजात कळलं. "अगदीच कमी," म्हणाले.

तन्वीला गप्प बसवणं जास्त कठीण होतं. ती धावत वर आली तेव्हा मी तिला म्हटलं, बाबांना सांगायचं नाही, सरप्राइज आहे, ते आले की आपण त्यांना झिलीवर नेऊन दाखवू. सरप्राइज म्हटलं की पोरं वाटेल ते पाळतात. दिवाळीच्या दिवशी फोनवर ती दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती, डोळे हसताहेत, आणि तिकडून बाबा सांगताहेत, "बुंदी आज लांबपर्यंत उडाली. आता निघायची तयारी दिसतेय." ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. मी पण मिचकावले. आजही दिवाळी म्हटलं की मला पणत्या आठवत नाहीत, माझ्या लेकीचे दाबलेले ओठ आठवतात.

असे ते फोन होत राहिले. तिकडून पक्षी तळ्यावरच, इकडून मी रविवारी झिलीवर. एकाच पक्ष्यांना ते तिथं धरून ठेवत होते आणि मी इथं बघत होते. सातविणीचा मोहर गळून रस्त्यावर हिरवट सडा पडला होता. भाभी विचारायची, "भाईसाहब कैसे हैं?" मी म्हणायचे, "सब ठीक." ती माझ्याकडे बघायची, मग तिच्या डाळीचं सांगायची. तिला कळलं असणार. त्या वसाहतीत सगळ्यांना सगळं कळायचं, बोलायचं कुणीच नाही.

शेवटचा फोन तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला आला. आवाज थकलेला होता. म्हणाले, "आज निघाले गं. सकाळी सगळेच्या सगळे उठले. एक चक्कर मारली आणि डोंगरापलीकडे गेले."

"सगळे?"

"सगळे. तळं रिकामं झालं. दोन-तीन दिवसांत येतील तुमच्याकडे. तन्वीला घेऊन जा. पोचले की सांग मला."

"सांगते," मी म्हटलं. "तुम्ही जपा." आणखी काही बोलायचं होतं. काय ते तेव्हाही नेमकं ठाऊक नव्हतं. लाईन गेली.

आम्ही रविवारी परत झिलीवर गेलो. त्या दिवशी मी तन्वीला म्हटलं, आता सरप्राइज संपलं, आता तू बाबांना सांगू शकतेस, आजच्या फोनवर. तिनं पाठ करून ठेवलं होतं काय काय सांगायचं ते. संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी युनिटचे एक साहेब, त्यांच्या मिसेस आणि भाभी असे तिघं दारात उभे राहिले. दार उघडल्यावर मी आधी भाभीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. गस्तीवर असताना वरचा बर्फ सुटला होता. एवढंच. त्याहून जास्त मी कधी विचारलं नाही.

यांना आणलं ते पालमला. थंडी पडली होती. आम्ही उभे होतो आणि लांबून ते विमान उतरताना दिसलं, झिलीच्या बाजूनं आलेलं. तिथं सलामी झाली, फुलं झाली, सगळं शिस्तीत. तन्वी माझं बोट सोडून पुढे गेली. कुणी अडवलं नाही. झेंड्यावर हात ठेवून ती काहीतरी बोलत होती, बराच वेळ. मला ऐकू आलं नाही. मी विचारलं नाही. काय पाठ केलं होतं ते मला ठाऊक होतं.

यांच्याबरोबर कोल्हापूरकडचा एक जवान आला होता, शिंदे नावाचा. पुढे गावापर्यंत तो आमच्या सोबत होता. गोव्यापर्यंत विमान आणि तिथून गाडी. गावात टोकाच्या खाली, समुद्राच्या अंगाला स्मशान आहे. सगळं झाल्यावर बायका मला घराकडे नेत होत्या, तेव्हा मी थांबले. वाळूवर कुरवांचा थवा बसला होता, वाऱ्याकडे तोंड करून, दर वर्षी बसतो तसाच. बंदुकांच्या सलामीला उडून पुन्हा येऊन बसला होता. सासूबाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पाखरां इली गो. माझो झील काय येवचो नाय." आणि मटकन खाली बसल्या. त्यांच्या बोलीत झील म्हणजे मुलगा. तोवर मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

दिवस झाल्यावर शिंदे निघाला. जाताना अंगणात घुटमळला. म्हणाला, "वहिनी, एक विचारू? हवालदारसाहेबांना पक्ष्यांचं फार वेड होतं का?"

"का हो?"

"नाही, मी खाली तळ्यावरच्या कॅम्पात वायरलेसवर होतो. ते वर गेल्यापासनं रोज सेटवर विचारायचे, शिंदे, पाण्यावर काय आहे? मी सांगायचो. दसऱ्याला मीच सांगितलं, सर, आज गेले सगळे, तळं मोकळं. पण पुढं बी रोज विचारायचे. आता काय आहे? मी म्हणायचो, सर, काही नाही, नुसतं पाणी. तरी विचारायचे."

तो गेला. मी अंगणात बसून राहिले.

म्हणजे यांना ठाऊक होतं. पक्षी दसऱ्यालाच गेलेत हे ठाऊक होतं. मग ते दिवाळीआधी माझ्याकडे पोचणार, मी रविवारी झिलीवर जाणार, डोळ्यांनी बघणार, हेही ठाऊक असणारच, ज्या माणसानं मला पक्षी शिकवले त्याला हे कळणार नाही? तरीही ते सांगत राहिले, सगळे आहेत, एक पण गेला नाही. कारण पक्षी गेले म्हटलं की सांगायला फक्त कावळे उरतात. आणि मी 'अच्छा' म्हणत राहिले. मी त्यांना सांभाळत होते, ते मला सांभाळत होते. दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनाही ठाऊक आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि तरी ते मोजके फोन, ती मिळालेली मिनिटं, आम्ही नसलेल्या पक्ष्यांवर घालवली.

लोक मला वीरपत्नी म्हणतात. पंधरा ऑगस्टला शाल आणि नारळ मिळतो. भाषणात सांगतात, बाईंनी किती धीरानं घेतलं. मी खाली बघते. धीर कसला? मी घाबरले होते हो. त्या एका श्वासापासून शेवटच्या फोनपर्यंत मी रोज घाबरलेली होते, आणि ते तिथं त्या बर्फात घाबरलेले होते, नाहीतर रिकाम्या तळ्याची चौकशी रोज कोण करतं? 'मला भीती वाटते' हे तीन शब्द. त्यांनी बर्फ थांबला नसता, ठाऊक आहे. पण माझ्या माणसाला मी एकदा तरी म्हटलं असतं, मला भीती वाटते, आणि त्यानं म्हटलं असतं, मलाही. मग आम्ही दोघं एका जागी असतो. शेवटपर्यंत आम्ही एका जागी नव्हतोच. याला त्याग म्हणायचं असेल तर म्हणा. मला ते नुकसान वाटतं, आणि ते भरून येत नाही. काळ सगळ्यावर औषध म्हणतात. असेल. मला लागू पडलं नाही.

तन्वीनं त्यानंतर झिलीवर यायचं सोडलं नाही, पण पुन्हा कधी नाचली नाही. दर वर्षी आम्ही दोघी जायचो, बांधावर उभ्या राहायचो, चहा प्यायचो, यायचो. झिलीच्या पलीकडे गुरुग्रामचे टॉवर वाढत गेले, इकडे एक्सप्रेसवे आला. पक्षी येतात अजून. बाबांचा विषय आम्ही काढायचो नाही. मी तिच्यासाठी नाही काढायचे, आणि ती माझ्यासाठी. बघा, रिवाज किती चिवट असतो, माणसं गेली तरी तो घरात राहतो.

आज मी भाभीबरोबर गेले शेवटी. स्कूटी आता तिचा मुलगा चालवू देत नाही, म्हणून कॅबनं गेलो. धुक्यातून ते उभे होते, सगळे. माझ्या शेजारी लेकीची जागा रिकामी होती आणि मला उभं राहवेना. भाभी म्हणाली, "ठीक है तू?" मी म्हटलं, "बिल्कुल." मग गाडीत बसून घरी आले.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला.

"आई, इथं सगळं ठीक," तन्वी म्हणाली. "मेस मस्त आहे, रूममेट पण छान आहे यार, आज आम्ही टेकडीवर गेलो होतो. खूप मजा." आणि मध्ये थांबली. श्वास घेतला.

मी तो श्वास ऐकला. तोंडावर आलं होतं, अच्छा, छान झालं, जप. अगदी ओठांवर आलं होतं. मी स्वयंपाकघरात होते, ओट्याला धरून उभी.

"तन्वी," मी म्हटलं, "मला इथं करमत नाही गं. घर खायला उठतं. आज झिलीवर गेले आणि उभं राहवलं नाही मला. मला बाबांची फार आठवण येते. आणि तुझी काळजी वाटते, रोज वाटते. मला भीती वाटते."

ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. "मला पण, आई," म्हणाली. "मला पण. मला घरी यायचंय." मी म्हटलं, रड. मी पण रडत होते. गॅसवरचं दूध उतू गेलं, त्याचा जळका वास घरभर पसरला, पण आमच्या दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.